टाचणातलं उत्तर

मॅडम जवळ आल्या की विद्यार्थी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलायचे. टेबल पुसायला कुणी फडकं घेऊन आलं की आपण कोपरं उचलतो ना, तसे. सवयीने, न बघता. मग मॅडम वाकायच्या, पडद्यावर नजर टाकायच्या, कुठे कंस घालायच्या, कुठे अवतरणचिन्ह, कुठे ओळ थोडी आत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हं, चालवा आता." प्रोग्रॅम चालायचा. विद्यार्थी म्हणायचा, "थँक यू, मॅडम." आणि हात पुन्हा कीबोर्डवर यायचे, ते पुढची चूक करायला.

याला शिकवणं म्हणतात, असं मॅडमना अख्खं सत्र वाटत होतं.

कॉलेज होतं शिक्षक घडवण्याचं. उद्या शाळेत जाऊन कुणी भाषा शिकवणार, कुणी इतिहास, कुणी गणित. त्या सगळ्यांना यंदापासून प्रोग्रॅमिंगची तोंडओळख सक्तीची झाली होती, आणि ती करून द्यायला मॅडमना वर्षभराच्या बोलीवर घेतलं होतं. प्रयोगशाळा म्हणून जी खोली मिळाली, तिथे आधी नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायचे. नकाशे गेले, बाकं गेली, पण विज्ञान विभागाचा सांगाडा कोपऱ्यात तसाच राहिला, कारण तो हलवायचा कुणी यावर दोन विभागांचं एकमत होत नव्हतं. वर्गातल्या एका मुलाने, ज्याला सगळे हिरो म्हणत, त्या सांगाड्याच्या गळ्यात एक बिघडलेला माऊस अडकवून ठेवला होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हा आपला सीनियर. प्रोग्रॅम चालायची वाट बघत बसला होता."

मॅडमना हसू आलं नाही असं नाही. पण हसायला वेळ कुठे होता? तास संपला की मैदान ओलांडून पळायचं. मैदानापलीकडे पाळणाघर, आणि पाळणाघरात पिल्लू. पिल्लू तीन वर्षांचा. सकाळी सोडताना त्याचं कपाळ जरा कोमट लागलं की दिवसभर मॅडमचं अर्धं लक्ष फोनकडे. खिडकीतून पाळणाघराचं हिरवं फाटक दिसायचं. शिकवता शिकवता त्या दर थोड्या वेळाने तिकडे बघायच्या. फाटक जागेवर आहे ना, एवढंच.

विद्यार्थी वाईट नव्हते, हीच तर खरी पंचाईत. वाईट असते तर ओरडता आलं असतं. हे इतके गुणी, इतके नीटनेटके, की मॅडमचा जीव मेटाकुटीला यायचा. फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत समास आखून उतरवायचे. "मॅडम, कंस लाल पेनाने काढू का?" असं विचारायचे. परीक्षेला कुठला प्रोग्रॅम येईल तेवढा सांगा, आम्ही पाठ करतो म्हणायचे, आणि करायचेही. हिरोने एकदा उभं राहून अख्खा प्रोग्रॅम म्हणून दाखवला होता. कंस सुरू, अवतरण सुरू, अवतरण बंद, कंस बंद. चालीत. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला.

आणि त्यांच्यात काकू. काकू वयाने मॅडमपेक्षा कितीतरी मोठ्या. घरची मुलं मार्गी लावून, मागे राहिलेलं शिक्षण पुरं करायला आलेल्या. वर्ग त्यांना काकू म्हणे, आणि एकदा हजेरी घेताना चुकून मॅडमच्याही तोंडून "काकू" गेलं, तेव्हा त्या "हजर" म्हणून मोकळ्या झाल्या. पहिल्या बाकावर बसायच्या, चष्मा नाकावर खाली ओढून एका बोटाने टाइप करायच्या, आणि मॅडम जवळ आल्या की सगळ्यांत उंच हात उचलायच्या.

"घ्या मॅडम, बघा तुमचं लाडकं काय म्हणतंय."

"माझं लाडकं नाही हो ते."

"तुमचंच ऐकतं तेवढं. आमच्याकडे नुसतं लाल तोंड करून बघतं."

त्या सोमवारी प्राचार्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्यांचा एक स्वभाव होता, वाईट बातमी ते चहा मागवून मग सांगत. चहा आला तेव्हाच मॅडम काय ते समजल्या.

"गुरुवारी बाहेरून परीक्षक येणार आहेत," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या विषयाचा एक पाठ बघतील. समोर शाळेतली चौथीची मुलं, शिकवणार आपला विद्यार्थी."

"कोणता विद्यार्थी?"

"ते स्वतः निवडणार. आयत्या वेळी. म्हणजे सगळेच तयार पाहिजेत." प्राचार्यांनी चहा ढवळला, साखर नसलेला. "काय आहे, या विषयावर वर फार मतभेद आहेत. पाठ चांगला झाला तर विषय राहील. नाही झाला, तर पुढच्या वर्षी त्या तासाला फलकलेखन ठेवायचं चाललंय. सुंदर, वळणदार फलकलेखन."

"आणि मी?"

प्राचार्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुमचं अक्षर कसं आहे?"

मॅडमचं अक्षर कसं होतं ते फळ्यावर रोज दिसत होतं. त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही नोकरी गेली तर दुसरी मिळेलही, पण मैदानापलीकडे पाळणाघर असलेली कुठे मिळणार? मागच्या वेळी शोधली तेव्हा दोन बस बदलून जायची एक मिळत होती. मुलाला ताप आला तर पोचेपर्यंत उतरलेला असेल, असं नवराच म्हणाला होता, आणि त्याच्या विनोदावर दोघंही हसले नव्हते.

त्याच दुपारी त्यांनी रंगीत तालीम ठेवली. पाठ सोपा होता. दोन मुलांना त्यांचं वय विचारायचं, प्रोग्रॅम ते घेणार, बेरीज करणार आणि दोघांचं मिळून वय सांगणार. चौथीच्या मुलांना मजा येईल, आणि प्रोग्रॅम पाचसहा ओळींचा. फळ्यावर उदाहरण दिलं होतं: सहा आणि चार, उत्तर दहा.

आश्चर्य म्हणजे सगळ्यांचे प्रोग्रॅम चालले. पहिल्या रांगेत दहा. दुसऱ्या रांगेत दहा. हिरोकडे दहा, वर फुलांची नक्षी. मॅडम भरून पावल्या. वाटलं, उगाच बोलतो आपण या पोरांना, आतून शिकतच असतात बिचारी. त्या भरात त्यांनी काकूंच्या मशीनवर स्वतःच दोन आकडे टाकले. सात आणि तीस.

उत्तर आलं: दहा.

मॅडमनी डोळे चोळले. पन्नास आणि साठ टाकले. दहा. शेजारच्या मशीनवर गेल्या. तिथेही दहा. हिरोकडे हजार आणि हजार टाकले, तर फुलांच्या नक्षीत दहा.

"हे काय आहे?"

"दहा, मॅडम," हिरो म्हणाला.

"हजार आणि हजार दहा?"

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. पहिल्या ओळीत एक वय विचारलं होतं, दुसरीत दुसरं. आणि तिसऱ्या ओळीत, बेरीज वगैरे कसलाही त्रास न घेता, सरळ लिहिलं होतं: दोघांचं मिळून वय दहा वर्षे. सगळ्यांनी. एकजात सगळ्यांनी.

"बेरीज कुठाय?" मॅडमचा आवाज इतका चढला की सांगाड्याच्या गळ्यातला माऊस हलला असं नंतर हिरो सांगत फिरत होता. "मी सत्रभर बेरीज शिकवतेय, ती बेरीज कुठाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी काकू उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पाठाचं टाचण होतं. आता टाचण म्हणजे काय, तर पाठ घेण्याआधी शिक्षकाने करायची लेखी तयारी. एका रकान्यात शिक्षक काय विचारणार, आणि शेजारच्या रकान्यात मुलं काय बोलणार. त्याला म्हणतात अपेक्षित उत्तर.

"अहो मॅडम, असं काय करता?" काकू समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "उत्तर आधी ठरवायचं आणि मग प्रश्न, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. इथे अपेक्षित उत्तर दहा आहे. मग यंत्राने दहाच म्हणायला नको का?"

"आणि मुलांनी दुसरी वयं सांगितली तर?"

"नाही सांगणार. टाचणात नाहीयेत."

"पण सांगितली तर?"

"तर 'बरं, खाली बस' म्हणायचं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅडमना एकदम रडू येईल असं वाटलं, आणि मग भयंकर हसू, आणि मग दोन्ही मागे सारून नुसता वैताग उरला. गुरुवार तर तोंडावर आलेला. त्यांनी बाह्या वर केल्या आणि पहिल्या मशीनपासून सुरुवात केली. वाकायचं, तिसरी ओळ पुसायची, बेरीज लिहायची. शिवाय वयं विचारणाऱ्या ओळींत तो int नावाचा तीन अक्षरांचा शब्द घालायचा. यंत्राला आपण टाइप केलेलं सगळं अक्षरंच वाटतं. हे आकडे आहेत बाबा, यांची बेरीज होते, असं त्याला त्या शब्दाने सांगावं लागतं. हा शब्द विद्यार्थी हटकून विसरायचे आणि मॅडम हटकून घालायच्या. खोलीभर, रांगेरांगेने, त्या पुढे सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे हात वर होत होते.

सगळं संपवून पाळणाघराशी पोचल्या तेव्हा आत एकटा पिल्लूच उरला होता. ताई, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाई, किल्ल्या हातात घेऊन दारात उभ्या.

"सॉरी ताई, सॉरी, आज फारच..."

"असू दे, असू दे," ताई म्हणाल्या. म्हणजे असू देणार नव्हत्या.

पिल्लू बाकड्यावर बसला होता, बटणाशी खेळत. आई आल्याचं कळलं तरी मान वर केली नाही. नुसते दोन्ही पाय सरळ पुढे केले, हवेत, आणि बटणाशी खेळत राहिला. बूट खाली पडले होते. पायांना माहीत होतं, कुणीतरी येणार, वाकणार, बूट चढवणार.

मॅडम वाकल्या आणि तशाच थांबल्या.

ते पाय त्यांनी आज दुपारपासून पाहिले होते. फक्त तिथे ते हात होते.

"घ्या," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "घरचंही तेच."

त्या पिल्लूच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली घातले, म्हणजे ते मध्येच पुढे जायला नकोत.

"तू घाल," त्या म्हणाल्या.

पिल्लूने पहिल्यांदा मान वर केली. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, अशा नजरेने पाहिलं. "तू घाल."

"मी नाही. तू."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. बूट भिरकावला गेला. पिल्लू जमिनीवर आडवा झाला, मग उभा झाला, मग पुन्हा आडवा. ताईंच्या किल्ल्या वाजत राहिल्या. मॅडमच्या बोटांना अक्षरशः मुंग्या आल्या. एवढंसं काम, त्यांच्या हाताने चुटकीसरशी होणारं, आणि हे मूल बुटाच्या तोंडात टाच घालायच्या ऐवजी हात घालतंय. पण शेवटी, नाक ओढत, दोन्ही बूट पायात गेले. उलटे. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

घरी पोचल्यावर नवरा म्हणाला, "अगं, याचे बूट उलटे आहेत."

"माहितीय मला."

"मग सरळ का नाही घातलेस?"

"मी घातलेच नाहीत."

नवरा शहाणपणाने चहा ठेवायला गेला.

मंगळवारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या त्या फळा पुसायचं डस्टर पाठीमागे दोन्ही हातांनी घट्ट धरून. सोमवारी जे जे लिहून दिलं होतं ते सगळं त्यांनी सकाळीच येऊन पुसून टाकलं होतं. "कोऱ्यापासून लिहा," त्या म्हणाल्या. वर्गाने सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. थोड्याच वेळात पहिली चूक झाली. हिरोचे हात वर गेले.

मॅडम जाऊन त्याच्या मागे उभ्या राहिल्या. हिरोचे हात हवेतच.

"मॅडम?"

"वाचा."

"काय वाचू?"

"खाली लाल अक्षरात आलंय ते."

"एरर," हिरोने वाचलं आणि मॅडमकडे वळून पाहिलं.

"पुढे."

"मॅडम, पुढे खूप मोठं आहे. इंग्रजी आहे."

"एक आकडा आहे त्यात. तो वाचा."

"चार."

"म्हणजे चौथ्या ओळीत काहीतरी बिघडलंय. बघा काय ते."

हिरो थक्क झाला. "हे यंत्र सांगतं? कुठे चुकलंय ते?"

"पहिल्या दिवसापासून सांगतंय."

तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं, की सत्रभरात या वर्गातल्या एकानेही ती लाल अक्षरं वाचलीच नव्हती. का वाचतील? यांच्या दुनियेत लाल म्हणजे तपासलेल्या पेपरावरची शाई. ती वाचायची नसते, ती झाकायची असते. लाल आलं की कुणी पडद्यापुढे वही धरायचं, कुणी सगळं पुसून सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायला घ्यायचं. संगणकावर सुवाच्य अक्षर! चूक मात्र जिथल्या तिथे.

मंगळवार आणि बुधवार कसे गेले ते मॅडमनाच ठाऊक. बंद न केलेला कंस डोळ्यांसमोर दिसतोय आणि बोट उचलायचं नाही. त्यापेक्षा मुलाच्या नाकातून शेंबूड वाहताना हात बांधून बसणं सोपं. वर्गात कुजबुज सुरू झाली. मॅडम रागावल्यात. मॅडमना नोकरी मिळालीय दुसरीकडे. काकूंनी तर मधल्या सुट्टीत हळूच विचारलं, "हात दुखतोय का हो? पोराला कडेवर घेऊन होतं तसं. शेकत जा."

"हात ठणठणीत आहे, काकू."

"मग लावा की जरा आमच्या मशीनला."

"नाही."

"एवढी कसली शिक्षा?" काकू फणकारल्या. "शिक्षिका होऊ घातलेल्यांना असं टांगून ठेवतं का कुणी?"

बुधवारी हिरोला स्वतःचा स्वतः एक कंस सापडला, तेव्हा त्याने आनंदाने जाऊन सांगाड्याशी हात मिळवला. पण बाकी अर्ध्या मशीनवर लालच लाल. नेमके तेव्हाच प्राचार्य डोकावले.

"हे काय?" त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "सोमवारी तर सगळे प्रोग्रॅम चालत होते म्हणालात!"

"सोमवारी ते मी चालवत होते," मॅडम म्हणाल्या.

"मग उद्याही चालवा ना!"

"उद्या मला मागच्या बाकावर बसायचंय, सर."

प्राचार्य गेले. जाताना फळ्यावरच्या मॅडमच्या अक्षराकडे त्यांनी एक खिन्न नजर टाकली.

गुरुवारी परीक्षक आले. सडपातळ, कमी बोलणारे, हातात पाठनिरीक्षणाचा कागद. प्रयोगशाळेत चौथीची मुलं दाटीवाटीने जमिनीवर बसली होती. विद्यार्थी भिंतीला टेकून ओळीने उभे होते. परीक्षकांनी एक नजर फिरवली आणि बोट केलं. "त्या चष्मेवाल्या."

काकूंनी मागेपुढे पाहिलं. दुसरं कुणी चष्मेवालं नव्हतं.

मॅडम मागच्या बाकावर, शेजारी प्राचार्य. खिडकीतून हिरवं फाटक दिसत होतं. आज त्या तिकडे बघतही नव्हत्या.

काकूंनी सुरुवात मात्र झकास केली. घरात पोरंबाळं वाढवलेली बाई, मुलांना घाबरते थोडीच. प्रोग्रॅम म्हणजे काय, तर यंत्राला आपण सांगितलेलं काम, हे त्यांनी असं सांगितलं की चौथीतल्या पोरांनी माना हलवल्या. मग एका बोटाने, प्रोजेक्टरमधून भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं, प्रोग्रॅम लिहायला घेतला. मॅडम ओळ न् ओळ मनात वाचत होत्या. अवतरण बरोबर. कंस बरोबर. बेरीज, आहे बाई, बेरीज आहे. आणि मग त्या वय विचारणाऱ्या ओळींवर परत आल्या.

तो तीन अक्षरांचा शब्द नव्हता.

लाल अक्षरं वाचायला त्यांनी दोन दिवस शिकवलं होतं. पण ही चूक लाल अक्षरं दाखवणारी नव्हतीच. यात यंत्र तक्रार करत नाही, सभ्य चेहऱ्याने चुकीचं उत्तर देतं. आणि तो शब्द काकूंच्या मशीनवर सत्रभर कुणी घातला होता? मॅडमच्या बोटांनी.

"चला, दोघी मैत्रिणी सांगा," काकू म्हणाल्या. "वय किती?"

"नऊ."

"आठ."

काकूंनी आकडे टाकले. भिंतीवर उत्तर आलं: दोघांचं मिळून वय ९८ वर्षे.

मागून एक आवाज आला, "बाई, या दोघी म्हाताऱ्या झाल्या!" आणि सगळी खोली खिदळायला लागली.

"गप्प बसा," काकू म्हणाल्या. "खाली बसा." सगळे बसलेलेच होते. काकूंनी टाचणाकडे पाहिलं. मॅडमनी अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा ठेवायला लावला होता, त्यामुळे तिथूनही काही मदत नव्हती. मग त्यांनी मान वर करून थेट मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि त्यांचे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले गेले.

"जा ना," प्राचार्य दातांवर दात ठेवून कुजबुजले. "बघा काय झालंय ते. एका मिनिटाचं काम असेल."

मिनिटाचंसुद्धा नव्हतं. मॅडमनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"मॅडम, जा. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"नाही, सर."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काकूंचे हात अजून हवेतच. वयच होतं ते, किती वेळ धरणार? मग ते खाली आले, पण कीबोर्डवर नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने नव्हे, तर टाचणाच्या कोपऱ्याने पुसला, आणि पुन्हा घातला.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "माझं चुकलंय. पण कुठे ते मला कळत नाहीये. अठ्ठ्याण्णव कुठून आलं असेल?"

मुलं सावरून बसली. बाईंचं चुकलंय आणि बाईच विचारतायत, हे त्यांना नवीन होतं.

"बाई, मोठी माणसं टाकून बघा," एक मुलगी म्हणाली. "त्या सरांना विचारा."

सगळ्यांच्या माना परीक्षकांकडे वळल्या. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "अठ्ठावन्न," ते नाइलाजाने म्हणाले.

"आणि आपले सर?" काकूंनी विचारलं.

"सत्तावन्न," प्राचार्य पुटपुटले.

भिंतीवर आलं: दोघांचं मिळून वय ५८५७ वर्षे.

मग काय विचारता! पोरं जमिनीवर लोळायला लागली. "पाच हजार आठशे सत्तावन्न!" कुणी ओरडलं. "डायनोसॉर!" हिरो भिंतीला टेकून हसू दाबत होता. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या उठून भिंतीजवळ गेल्या. उजेड त्यांच्या पाठीवर, केसांवर पडला. त्यांनी बोट नेऊन आकड्यांच्या बरोबर मध्ये ठेवलं.

"अठ्ठावन्न," त्या सावकाश म्हणाल्या. बोट पुढे सरकलं. "सत्तावन्न." मग त्या वळल्या आणि संगणकाकडे बघून, घरातल्या धाकट्याला झापावं तशा म्हणाल्या, "अरे मेल्या, तू बेरीज करतच नाहीयेस! नुसते शेजारी शेजारी बसवतोयस!"

"नऊ आणि आठ पण!" ती मुलगी उठून उभी राहिली. "नऊच्या शेजारी आठ!"

"याला वाटतंय ही अक्षरं आहेत. आकडे आहेत हे सांगायचंच राहिलं." काकू धावत खुर्चीवर आल्या, तो शब्द घातला, घाईत कंस विसरल्या. लाल अक्षरं आली. या वेळी हात उचलले गेले नाहीत. "थांबा, थांबा. दुसरी ओळ म्हणतोय. दुसरी, दुसरी... हा बघा, कंस उघडाच राहिला."

एकशे पंधरा.

त्याच क्षणी घंटा झाली. कुणी उठलं नाही. "बाई, माझे आजोबा टाका!" "बाई, माझी आई आणि कासव!" शाळेच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाका मारायला लागल्या, तरी कुणी उठेना. शेवटी परीक्षकच उठले.

"हा प्रसंग टाचणात नव्हता," ते काकूंना म्हणाले.

"नव्हता," काकू म्हणाल्या. घामाने डबडबल्या होत्या. "कसा असणार? मलाच माहीत नव्हता."

परीक्षकांनी कागद प्राचार्यांच्या हातात दिला आणि गेले. प्राचार्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग मॅडमपुढे धरला. वर लिहिलं होतं: पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. त्याखाली: घंटा झाल्यावर मुले उठली नाहीत.

"हा शेरा चांगला की वाईट?" प्राचार्य काकुळतीला आले. "मी असला शेरा जन्मात पाहिला नाही."

"खाली अजून एक ओळ आहे, सर."

पुढील वर्षी पुन्हा पाहण्यास येईन, असं लिहिलं होतं.

प्राचार्यांनी कागदाची घडी घातली. "पाहायला यायचं म्हणजे विषय ठेवावा लागणार," ते शेवटी, काहीसे रुसल्यासारखे म्हणाले. "बरं. राहा तुम्ही. फलकलेखनाला शनिवारचा तास देऊ. तेही तुम्हीच घ्या, दुसरं कोण आहे?"

मॅडमनी हो म्हटलं की नाही ते त्यांनाही आठवत नाही. त्या मैदानातून पळत होत्या. मागून काकूंची हाक आली, "अहो मॅडम, एवढं टांगून ठेवलंत, पुन्हा असं करू नका!" पण हसून, हात हलवून म्हणाल्या त्या. काकू रागावल्या असत्या तर धडा लक्षात तरी राहिला असता, असं मॅडमना उगाच वाटलं. आता पुढच्या आठवड्यात काकू नक्की पुन्हा हात उचलणार.

हिरव्या फाटकाशी ताई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आज राग नव्हता, हार होती.

"मघापासून चाललंय त्याचं," त्या म्हणाल्या. "हात लावू देत नाही. काय शिकवलंत हो त्याला?"

पिल्लू पायरीवर बसला होता. बूट पायात होते. उलटे.

"मी घातले," तो म्हणाला.

"हो रे! शाब्बास माझ्या राजा." मॅडमनी मुद्दाम पायांकडे पाहिलं नाही. पर्स खांद्यावर टाकली. "चल."

पिल्लू उठला, चार पावलं चालला, थांबला. पायांकडे पाहिलं. काहीतरी टोचत होतं. मॅडमनी हात पाठीमागे घट्ट बांधले. पिल्लूने थोडा वेळ डावीकडे पाहिलं, थोडा वेळ उजवीकडे, आणि मग मैदानाच्या ऐन मधोमध, मातीत फतकल मारून, दोन्ही बूट काढून टाकले.

"पुन्हा," तो म्हणाला.

मॅडमनी आभाळाकडे पाहिलं, आणि शेजारी मातीत बसल्या.